दत्तक गेलेल्या व्यक्तीने सख्ख्या भावंडांचा शोध कसा घ्यावा : नागपूरसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बाळपणीचा एक फोटो, खाली आईचं नाव, गावाचं नाव, दवाखान्याचं नाव आणि "मला ओळखणारं कोणी आहे का? शेअर करा." अनेकांचा शोध असाच सुरू होतो आणि तिथेच फसतो. पोस्ट गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी पोचते, आईपर्यंत नंतर. तिच्या सासरी, नवऱ्याला, मोठ्या झालेल्या मुलांना कदाचित यातलं काहीच माहीत नसतं. घाबरून ती "माझा काही संबंध नाही" म्हणते. एकदा असं म्हणून बसल्यावर घरच्यांसमोर शब्द फिरवणं तिला फार अवघड जातं. तिच्यासोबत भावंडांचं दारही बंद होतं.

म्हणून क्रम पाळा : आधी कागद, मग आईची संमती, मग भावंडं आणि खात्रीसाठी शेवटी डीएनए. हा लेख १८ वर्षांवरच्या, नागपुरातून दत्तक गेलेल्या व्यक्तींसाठी आहे.

## सुरू करण्यापूर्वी

एक फाईल आणि एक वही घ्या. वहीत प्रत्येक भेटीची तारीख, कार्यालय, टेबल, कोण बोललं, काय सांगितलं आणि अर्जाचा आवक क्रमांक लिहा. पोच न घेता दिलेला अर्ज दिला नसल्यासारखाच समजा.

तुम्हाला नेमकं काय हवंय तेही लिहून काढा. फक्त आजारांची माहिती? नावं? एक भेट? की कायमचं येणं-जाणं? अर्जात आणि पुढच्या पत्रात हीच भाषा लागते. "सगळंच हवंय" असं सांगितलं की समोरचा माणूस बिचकतो.

दत्तक आई-वडिलांची परवानगी कायद्याने लागत नाही, १८ नंतर स्वतंत्र अर्ज करता येतो. पण निम्मे कागद बहुधा त्यांच्याच कपाटात असतात. शक्य असेल तर त्यांना आधी सांगा. ऐकीव माहितीने दुखावलेली माणसं कागद काढून देत नाहीत.

## टप्पा १ : दत्तक कोणत्या वाटेने झालं ते ठरवा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

१. संस्थेमार्फत. शिशुगृह किंवा अनाथालयातून, न्यायालयाच्या आदेशाने. १ सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश जिल्हाधिकारी देतात. आज प्रौढ असलेल्यांचा आदेश मात्र बहुतेक वेळा न्यायालयाचाच असणार.

२. दत्तकपत्राने. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ खाली, नात्यात किंवा ओळखीत. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर प्रमाणित प्रतीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करा. त्यावर देणाऱ्या आई-वडिलांची नावं असतात.

३. कागदाशिवाय. बाळ परस्पर दिलं आणि जन्मदाखल्यावर थेट दत्तक आई-वडिलांची नावं लागली. इथे सरकारी फाईलच नसते. तुम्हाला टप्पा ७, म्हणजे डीएनए, आधी करावा लागेल आणि त्या काळचे नातेवाईक, शेजारी, सुईण यांच्याशी शांतपणे बोलावं लागेल.

तपासा : घरात न्यायालयाचा आदेश नाही म्हणजे तो झालाच नव्हता, असं गृहीत धरू नका. दत्तक वडिलांच्या नावाने आणि वर्षाने न्यायालयाच्या नोंदवहीत शोध घेता येतो.

## टप्पा २ : कागद गोळा करा, आदेशावर थांबू नका

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोक फक्त आदेशाची नक्कल मागतात. आदेश दोन-तीन पानांचा असतो. त्यात दत्तक पालकांची नावं, बाळाचं नाव आणि "अर्ज मंजूर" एवढंच. आईबद्दलची माहिती अर्जासोबतच्या जोडपत्रांत असते : बालकाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणी, सरेंडरचा म्हणजे आईने बाळ सोपवल्याचा कागद किंवा बाळ सापडल्याची पोलिसांची नोंद.

सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करताना "आदेश, मूळ अर्ज आणि सर्व जोडपत्रं" असं स्पष्ट लिहा. ओळखपत्र आणि प्रकरणातलं मूल तुम्हीच आहात हे दाखवणारा कागद जोडा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही लावा. प्रकरण क्रमांक नसेल तर वकिलामार्फत नोंदवही बघून घ्या. जुन्या प्रकरणांतली काही कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली जातात. नक्कल नाकारली तर कारण लेखी मागा. "रेकॉर्ड मिळत नाही" आणि "रेकॉर्ड नष्ट केलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्या उत्तरावर पुन्हा अर्ज करता येतो.

दवाखान्याकडे नंतर वळा. मेडिकल, मेयो, डागा किंवा मातृ सेवा संघ, जिथे जन्म झाला असेल तिथल्या काउंटरवर जाऊन "त्या तारखेला बाळंत झालेल्या बायकांची नावं द्या" म्हणू नका. ती देणं त्यांच्यासाठी चूक आहे, आणि एखाद्या ओळखीच्या शिपायाकडून काढून घेणं तुमच्यासाठी. अशी माहिती पुढे कुठेच दाखवता येत नाही. दवाखान्याचा कागद संस्थेच्या फाईलमार्फत मागवा.

माहितीच्या अधिकाराचा उपयोगही मर्यादित आहे. १० रुपये भरून आईचं नाव विचारलं तर वैयक्तिक माहिती म्हणून नकारच येईल. त्याऐवजी विचारा : अमुक वर्षाची दत्तक प्रकरणांची नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे? बंद पडलेल्या संस्थेच्या फाईली कोणाकडे गेल्या? माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? अशा प्रश्नांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

## टप्पा ३ : कागद नीट वाचा

इथे घाई करू नका. भावंडांचा पहिला धागा बहुधा कुणाच्या लक्षात न येणाऱ्या एका ओळीत असतो.

प्रसूतीचा कागद. आईच्या केसपेपरवर "जी३ पी२ एल२" अशी इंग्रजी अक्षरांतली खूण असते. जी म्हणजे हे धरून आतापर्यंतच्या गर्भारपणांची संख्या, पी म्हणजे आधीच्या प्रसूती, एल म्हणजे जिवंत मुलं. मधे ए असेल तर तो गर्भपात. म्हणजे जी३ पी२ एल२ याचा अर्थ : तुमच्या जन्मावेळी घरात दोन मुलं होती, तुमच्याहून मोठी. "प्रायमी" लिहिलं असेल तर तुम्ही आईचं पहिलं मूल, भावंडं असलीच तर धाकटी. अविवाहित आईच्या बाबतीत ती बहुधा नंतरच्या लग्नातली, म्हणजे सावत्र वडिलांची असतील. पत्र कोणाला, कोणत्या शब्दांत लिहायचं ते इथून ठरतं. एक सावधगिरी : लपवून आलेली बाई आधीची बाळंतपणं सांगेलच असं नाही.

सरेंडरचा कागद. यात कारण असतं आणि कधी कधी "याआधी दोन मुली" अशी नोंदही. साक्षीदारांच्या सह्या बघा. मामा, आजी किंवा शेजारीण असू शकते. सरेंडर केल्यावर फेरविचारासाठी आई-वडिलांना दोन महिन्यांची मुदत असते. त्या काळात कोणी भेटायला आलं होतं का, ही नोंदही शोधा.

पत्ता. नागपूरच्या दवाखान्यांत भंडारा, वर्धा, चंद्रपूर तर येतातच, शिवाय छिंदवाडा, सिवनी, बालाघाटहूनही बाया बाळंतपणाला येतात. आई मराठी बोलणारी असेलच असं नाही, हिंदी किंवा गोंडी बोलणारीही असू शकते. जिल्हेही बदलले आहेत. १९९९ च्या आधीच्या कागदावर "जि. भंडारा" असेल तर गाव आज गोंदिया जिल्ह्यात असू शकतं, कारण गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. १९८२ च्या ऑगस्टआधीचं "जि. चंद्रपूर" आज गडचिरोलीत असू शकतं. १ नोव्हेंबर २००० च्या आधीचं "राजनांदगाव, म.प्र." आता छत्तीसगडमध्ये आहे. एकाच नावाची चार-पाच गावं असतात, म्हणून तालुका, टपाल आणि शेजारच्या मोठ्या गावाचं नाव एकत्र जुळवा. खुर्द आणि बुद्रुक यांत गल्लत करू नका.

नाव. कागदावरचं नाव माहेरचं आहे की सासरचं? लग्नात अनेक ठिकाणी आडनावासोबत पहिलं नावही बदलतं. "सुमन" शोधत बसाल आणि गावात तिला कोणी सुमन म्हणतच नसेल. वयही अंदाजे लिहिलेलं असतं, चार वर्षं इकडे-तिकडे धरा.

सापडलेलं बाळ असाल तर : आई-वडिलांचं नाव बहुधा नसतंच. पोलीस ठाण्याची नोंद, बाल कल्याण समितीचा आदेश आणि वर्तमानपत्रात दिलेली सूचना या तीन गोष्टी मागा. बाळ रेल्वे स्थानकात सापडलं असेल तर नोंद लोहमार्ग पोलिसांकडे शोधा, शहर पोलिसांकडे नाही. यापुढे धागा सापडला नाही तर डीएनएशिवाय वाट नाही, आणि तीही खात्रीची नाही.

थांबा : गाव सापडलं म्हणून गाडी काढून निघू नका. पोलीस पाटील, सरपंच, अंगणवाडी ताई, किराणा दुकान यांपैकी कोणालाही विचारू नका. संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

## टप्पा ४ : रूट सर्चचा अर्ज

मुळांचा शोध घेण्याची अधिकृत प्रक्रिया दत्तक विनियम, २०२२ मध्ये दिली आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे काराकडे, ऑनलाइन अर्ज करायचा. परदेशात वाढलेल्यांना तिथल्या अधिकृत दत्तक संस्थेमार्फत किंवा भारतीय दूतावासामार्फतही सुरुवात करता येते. अर्ज पुढे पुण्यातल्या राज्य दत्तक यंत्रणेकडे, नागपूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि मूळ संस्थेकडे जातो. संस्थेला तुम्ही थेटही लिहू शकता. दोन्हीकडे एकाच मजकुराचा अर्ज द्या, नाहीतर दोन वेगळ्या मागण्या म्हणून फाईल अडकते.

नियमांतल्या चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा :

- आईने सरेंडर करताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची लेखी संमती घ्यावी लागते.
- तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तरी सरेंडरची कारणं आणि परिस्थिती तुम्हाला सांगितली जाते.
- त्रयस्थामार्फत शोध चालत नाही. "आठ दिवसांत आई शोधून देतो" म्हणणाऱ्या एजंटला किंवा डिटेक्टिव्हला पैसे देऊ नका.
- तुमच्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये.

भावंडांसाठी वेगळा अर्ज नाही. म्हणून अर्जात स्वतंत्र परिच्छेद लिहा : "फाईलमध्ये माझ्या भावंडांची नोंद आहे का, त्यांपैकी कोणी याच संस्थेतून दत्तक गेलं आहे का, आणि कोणी माझी चौकशी केली आहे का, हे पाहावे." हा परिच्छेद नसेल तर संस्थेची समाजसेविका फक्त आईचं पान उघडून फाईल मिटते.

भावंडही दत्तक गेलं असेल तर त्याचं नाव संस्था तुम्हाला देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तुम्ही मात्र आपलं संमतीपत्र फाईलला लावून ठेवा : "माझ्या भावंडाने चौकशी केल्यास माझं नाव, फोन आणि पत्ता द्यायला माझी संमती आहे." उद्या ते विचारत आलं तर संस्थेच्या हाताशी काहीतरी असेल.

तपासा : आवक क्रमांक घेतला? फोन बदलला तर कळवलं? महिनाभरात उत्तर नसेल तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या, नवा अर्ज देऊ नका.

## टप्पा ५ : पहिलं पत्र

संस्थेला पत्ता सापडला की समाजसेविका आईला एकटीला गाठण्याचा प्रयत्न करते. तिच्या हातात देण्यासाठी तुमचं पत्र तयार असू द्या. एक पान, साध्या मराठीत किंवा आईच्या भाषेत, पाकिटावर तुमचं नाव नको. टपालाने पाठवू नका, एकत्र कुटुंबात पाकीट कोणीही फोडतं. व्हॉइस मेसेज तर मुळीच नको, तो चारचौघांत वाजतो.

नमुना असा :

"नमस्कार. माझा जन्म अमुक महिन्यात नागपूरला झाला आणि तुम्ही मला संस्थेकडे सोपवलं. मी चांगल्या घरात वाढले, शिकले, नोकरी करते. माझी तुमच्याबद्दल कसलीही तक्रार नाही. मला तुमच्याकडून पैसा किंवा मालमत्ता नको. तुमच्या घरी कोणाला हे माहीत नसेल तर माझ्याकडून कळणार नाही. तुम्ही बऱ्या आहात एवढं कळलं तरी मला बरं वाटेल. मला भाऊ-बहीण असतील तर त्यांच्याबद्दल जाणून घ्यायला आवडेल, पण कधी आणि काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. उत्तराची घाई नाही. ताईंकडे निरोप दिला तरी पोचेल."

"मला का सोडलंस" हा प्रश्न पहिल्या पत्रात नको. तो विचारायचा तुमचा हक्क आहे, पण त्याचं उत्तर पत्रातून मिळत नाही. "आई" म्हणावं की नाही असा पेच पडतो. पहिल्या पत्रात टाळा, ते संबोधन तिच्याकडून येऊ द्या. आता कसे दिसता ते दाखवणारा एक फोटो संस्थेकडे वेगळा ठेवा. तिने मागितला तरच द्यायचा.

## टप्पा ६ : आईकडून भावंडांकडे

आई हो म्हणाली तरी भावंडांना लगेच फोन लावू नका. मुलांना ती स्वतः सांगणार आहे का, की समाजसेविकेने सोबत बसावं, हे समाजसेविकेमार्फत तिला विचारा. अनेक बायका मोठ्या मुलीला आधी सांगतात. तिला तेवढा वेळ द्या, महिने लागले तरी.

आई हयात नसेल तर एकाच प्रौढ भावंडाला गाठा, सगळ्यांना एकदम नाही. शक्यतो तुमच्या जन्मावेळी समज असलेलं, सगळ्यात मोठं. त्याला आईच्या पोटाची आठवण असू शकते, घरातली कुजबुजही. १८ खालच्या भावंडाशी परस्पर संपर्क नकोच.

आई नाही म्हणाली आणि तुम्हाला भावाचं फेसबुक खातं सापडलं, तर? इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. तरीही थांबा. आईचा पहिला नकार अनेकदा भीतीचा असतो. वर्षभराने, दुसऱ्या समाजसेविकेने विचारल्यावर तो बदलू शकतो. तिला डावलून भावाला गाठलंत तर तो बदलायला जागाच उरत नाही, आणि भावासमोर तुमची ओळख आईचं गुपित फोडणारी व्यक्ती म्हणून होते.

## टप्पा ७ : डीएनए, खात्रीसाठी

कागदावरचं नाव खोटं असू शकतं, म्हणून नातं पक्कं धरण्यापूर्वी चाचणी करा. दोघांच्याही संमतीने, गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देऊन.

सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा डीएनए सारखा असतो, म्हणजे सुमारे १६०० ते ३४०० सेंटिमॉर्गन (समान डीएनए मोजायचं एकक). आई किंवा वडील यांपैकी एकच समान असेल तर सुमारे पाव, म्हणजे साधारण ११५० ते २४५०. मधला पट्टा दोन्हीकडे येतो. तिथे अहवालात पूर्ण समान भाग, म्हणजे दोन्ही पालकांकडून एकच वारसा आलेले तुकडे, आहेत का ते बघायला सांगा. सख्ख्यांत ते साधारण २५ टक्के असतात, एकच पालक समान असेल तर जवळजवळ नसतातच. पाव वाटा मामा, मावशी, काका, आत्या यांच्याशीही जुळतो, म्हणून वय आणि कागद यांच्यासोबतच निकाल वाचा. आईचाही नमुना मिळाला तर निकाल फार पक्का होतो.

मायहेरिटेजसारख्या, डीएनएवरून नातेवाईक जुळवणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या संचांत भारतीयांचे नमुने कमी आहेत. जुळणी आली नाही म्हणजे कुटुंब नाही, असा अर्थ नाही. शिवाय एकाच समाजात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं होत आली असल्याने दूरच्या जुळण्या फुगलेल्या दिसतात. लहान आकड्यांवरून नातं जोडू नका.

थांबा : चहाच्या कपावरून किंवा केसावरून गुपचूप नमुना घेणं हा विश्वासघात आहे. भावंडाला कळलं तर निकाल काहीही येवो, नातं गेलं.

## टप्पा ८ : पहिली भेट

संस्थेचं कार्यालय सगळ्यात बरं. घर नको, रविवारचा गर्दीचा फुटाळा तलावही नको. एप्रिल-मे असेल तर सकाळी दहाच्या आत. दीड तास पुरे, निघायची वेळ आधीच ठरवा. सोबत एकच माणूस आणा, आणि त्याने बाहेर थांबावं.

भाऊबीज किंवा राखीचा मुहूर्त धरू नका. ओवाळणी, साडी, पाया पडणं, फोटो, या सगळ्याचं ओझं दोन अनोळखी माणसांवर एकदम पडतं. सण दुसऱ्या वर्षी करा. ताई, दादा ही हाक सहज आली तर ठीक, तोवर नाव आणि "तुम्ही" चालतं.

फोटोंचा छोटा अल्बम न्या, पण परदेशातल्या सहलींचे आणि मोठ्या घराचे फोटो मागे ठेवा. समोरची बहीण कदाचित धान रोवायच्या मजुरीवरून सुट्टी काढून आलेली असेल.

## टप्पा ९ : भेटीनंतर

पैसा. पहिले सहा महिने देणं-घेणं नको, कितीही मनात असलं तरी. पुतण्याची फी, घराचं छप्पर, अडचण खरी असते, पण मदत आधी आली की प्रत्येक फोनमागे शंका येते. अगदीच निकड असेल तर रक्कम थेट दवाखान्यात किंवा शाळेत भरा.

मालमत्ता. भावंडं बोलून दाखवत नाहीत, पण वाटा मागायला आलात का, ही भीती असते. कायदा स्पष्ट आहे : दत्तकानंतर जन्मघराण्यातला वारसाहक्क राहत नाही, अपवाद फक्त दत्तकाआधीच तुमच्या नावे झालेल्या मालमत्तेचा. विषय निघाला की हे सरळ सांगा. कोणी हक्कसोडपत्रावर सही मागितली तर रागावू नका आणि लगेच सहीही करू नका, कागद वकिलाला दाखवा. लग्नाबाबतची बंदी मात्र दत्तकानंतरही कायम राहते : जन्मघराण्यातल्या ज्या नात्यांत लग्न चालत नाही, तिथे ते दत्तकानंतरही चालत नाही.

आरोग्य. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे, त्यामुळे हा विषय पहिल्या दोन-तीन भेटींतच काढा. तुम्ही वाहक असाल तर तुमच्या आई-वडिलांपैकी किमान एक जण वाहक किंवा रुग्ण आहे, म्हणजे भावंडांनीही तपासणी करायला हवी, विशेषतः लग्नाआधी. मधुमेह, लवकर आलेला हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, मानसिक आजार यांची माहिती एका कागदावर लिहून घ्या आणि तुमचीही त्यांना द्या. भेट नको म्हणणाऱ्या कुटुंबालाही हा कागद समाजसेविकेमार्फत देता येतो. असे कागद सहसा कोणी नाकारत नाही.

नकारच मिळाला तर फाईल बंद झाली असं समजू नका. तुमचं पत्र आणि संमतीपत्र संस्थेच्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या फाईलला लावून घ्या, त्याची पोच ठेवा. पत्ता, फोन किंवा आडनाव बदललं की दोन्हीकडे लेखी कळवा. भावंड दहा वर्षांनी चौकशीला आलं, तर कारकुनाच्या हातात चालू असलेला नंबर असायला हवा.